पिशवीचं दूध

दूध उतू गेलं तेव्हा आपण खिडकीशी होतो की ओट्याशी, हे नलिनीला पुढे इतक्या वेळा आठवून पाहावं लागलं, की शेवटी शेवटी त्या आठवणीचं पोतच विरलं आणि त्यातून पलीकडचं भलतंच काहीतरी दिसायला लागलं. एवढं नक्की, की सकाळ होती. पिरंगुटच्या त्या इमारतीवर ऊन नुकतं आलं होतं. इमारत तीन मजल्यांची, पण बिल्डरनं तिला ‘हाइट्स’ म्हणायचं धाडस केलं होतं. समोरच्या खाचरांतलं भात कापून झालं होतं, उरलेल्या धसांवर दव होतं, आणि उरवड्याच्या बाजूनं कुठल्याशा कारखान्याचा भोंगा वाजून गेला होता. नंतर चर्र झालं. पातेल्याच्या कडेवरून पांढरं काहीतरी ओघळलं, ज्योत पिवळी होऊन फडफडली नि विझली, आणि जळक्या दुधाचा वास घरभर झाला. नलिनीनं बटण फिरवलं, फडकं घेतलं, आणि पुसायला वाकणार एवढ्यात दारावर काठी आपटली. “कोन हाय आत? काय जळालं?” दार उघडलं तर आधी शेळी दिसली. ती पायपुसण्याचा कोपरा मन लावून चघळत होती. तिच्यामागे कासोटा घातलेली, काळीसावळी, सडपातळ म्हातारी. “जिना दिसला की हिला वर चढायचंच असतंया,” शेळीकडे बोट करून ती म्हणाली, आणि नलिनीनं ‘या’ म्हणायच्या आत सरळ आत आली, ओट्याशी जाऊन उभी राहिली, आणि नलिनीच्या हातातलं फडकं बघून अशी ओरडली, की शेळीसुद्धा चघळायची थांबली. “पुसू नगंस! हात लावू नगंस त्याला!”

एकट्या बाईनं परक्या गावात भाड्याची जागा घ्यायची म्हणजे काय काय ऐकावं लागेल, याचा नलिनीनं जालन्याहून निघतानाच अंदाज बांधला होता. बावीस वर्षं कंपनीच्या डेपोत हिशेब लिहिलेली बाई ती. माणसं तिला आपोआप दोन रकान्यांत दिसायची. येणं इकडे, देणं तिकडे. कोथरूडच्या घरमालकिणीनं फोनवर विचारलं होतं, “मिस्टर मागून येणार का?” पौड रोडच्या एजंटनं तर तिच्या देखत दुसऱ्या एजंटला फोन लावला होता, “लेडीज आहे, सिंगल आहे, वय तसं बरंच आहे,” आणि शेवटचं वाक्य तिच्या जमेला धरलं होतं. पण ‘दूध पुसू नकोस’ असं कुणी म्हणेल, हे कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. म्हातारीनं शेगडीवर वाकून पाहिलं. शेगडीवरचं कंपनीचं चिकटपत्र अजून काढलेलं नव्हतं. “ह्याच्यावर ह्याच्या आदी काय शिजलं व्हतं?” “मला नाही वाटत, मावशी.” “तूच पैली?” “असेन.” “दूध कुनाचं?” “पिशवीचं.” “गाईचं का म्हशीचं?” नलिनीनं पिशवी उलटीपालटी करून पाहिली. “फुल क्रीम लिहिलंय.” “आसंल कुनाचं तरी,” म्हातारीनं तो मुद्दा उदार मनानं सोडून दिला, सांडलेल्या दुधात करंगळी बुडवली, भिंतीला एक बोट लावलं, स्वतःच्या कपाळाला लावलं, आणि नलिनी मागे सरकायच्या आत नलिनीच्याही. “लागली,” ती म्हणाली. “काय लागली?” “वास्तू. माजी.” मग तिनं शेळीला टाळूवर एक टपली मारली, आणि दोघी जिना उतरून गेल्या. नलिनी कपाळावर पिशवीच्या दुधाचा चिकट ठिपका घेऊन उभी राहिली. पुसावा की नाही, कळेना.

म्हातारीचं नाव बानूबाई. इमारत ज्या माळावर उभी होती तो माळ तिचा. त्या मोबदल्यात बिल्डरनं दोन फ्लॅट दिले होते, एक मुलाला आणि एक तिला, म्हणजे कागदोपत्री दोन्ही मुलाच्याच नावावर. मुलगा सिद्धनाथ बायकोबरोबर पहिल्या मजल्यावर राहत होता आणि म्हातारी अजून इमारतीमागच्या पत्र्याच्या खोपटात, शेळ्यांशेजारी. वास्तुशांत झाल्याशिवाय घरात पाऊल ठेवायचं नाही, हा तिचाच हट्ट होता; आणि नव्या चुलीवर पहिलं दूध उतू गेलं की वास्तू लागली, ही तिची समजूत. सिद्धनाथला तो हट्ट चांगलाच मानवला. एका वर्षी मुहूर्त नव्हता, एका वर्षी भावकीतलं सुतक आलं, एका वर्षी अधिक महिना, आणि मधल्या काळात कारखान्यांत, आयटीत चार-आठ दिवसांसाठी येणाऱ्या साहेबांना तो तिचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्यानं देत राहिला. आईला सांगत राहिला, ‘नुसतं झोपाय येत्यात, आई. घर लागत न्हाई.’ आणि ते खरंच होतं. इंजिनिअर लोक टपरीवर चहा प्यायचे, खानावळीत जेवायचे, शेगडीला कुणी बोटही लावलं नाही. सिद्धनाथ हुशार, फक्त यंदा त्यानं एका बाईला जागा दिली, आणि बाई आली की पहिल्या सकाळी दूध तापवणार, एवढा साधा हिशेब त्याला सुचला नाही. हे सगळं नलिनीला तुकड्यातुकड्यानं कळलं, काही बानूबाईकडून, काही खालच्या वाण्याकडून, आणि कळत गेलं तसतसं तिच्या डोक्यातलं अधिकच विस्कटत गेलं. आपण या घरात पाहुण्या, भाडेकरू, की कुणाच्या तरी वतीनं आलेल्या?

कारण तिचं स्वतःचंही काही कमी अडकलेलं नव्हतं. जालन्याचा डेपो बंद होत होता. पिरंगुटला हेड ऑफिसात या नाहीतर हिशेब करून घरी बसा, असं कंपनीनं गोड शब्दांत विचारलं होतं, आणि उत्तरासाठी महिनाअखेरीची मुदत दिली होती. तोवर पंधरवडाभर इथं काम बघून जा, म्हणून ती आली होती. भाऊ चंद्रकांतला तिनं सांगितलं होतं की कंपनीच्या लेडीज होस्टेलवर आहे. असं होस्टेल अस्तित्वात नव्हतं. बेचाळीसाव्या वर्षी भावाशी खोटं बोलायची वेळ का आली, याचं तिला नवल वाटलं, आणि ते खोटं इतकं सफाईनं जमलं याचं त्याहून. चंद्रकांतच्या घरात तिची कॉट पॅसेजमध्ये होती. वाईट कुणीच वागत नव्हतं. वहिनी उषा तर उलट प्रत्येक गोष्ट तिला विचारून करायची, इतकी विचारून, की उत्तर आधीच ठरलेलं असायचं. पॅसेजमध्ये झोपणाऱ्या माणसाला घर सगळ्या बाजूंनी ऐकू येतं. कोण कधी उठलं, कोण कुणावर रागावलं, न्हाणीघरात कोण किती वेळ होतं. त्या सगळ्यावर एक वाक्य तरंगत असायचं, लहानपणापासून: नलू, दुधाकडे बघ. आईचं दूध, वडिलांचं, मग भाच्यांच्या बाटल्यांचं, मग चंद्रकांतला आम्लपित्त झालं तेव्हाचं बिनसायीचं. लग्न ठरता ठरता राहिलं तेव्हाही, अंबडचे लोक बैठकीत बसलेले आणि ही आत दुधाकडे बघत. बाहेर काय ठरतंय ते ऐकायला कान बाहेर, डोळे पातेल्यात. वडील ‘बघू’ म्हणाले होते. मग कुणीच बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बानूबाई हळद-कुंकू आणि मूठभर नवे तांदूळ घेऊन आली. भावकीतल्या कुणाच्या तरी मालेगावच्या, नव्हे, मालेच्या खाचरातले. नलिनीला आधी नाशिककडचं मोठं मालेगाव वाटलं होतं. इथलं माले म्हणजे पौडच्या पुढचं, हे म्हातारीनं तिला ओरडून समजावलं. “बस हितं. वटी भरती.” “माझी कशाला, मावशी?” “पैलं दूध लेकीच्या हातानं ग्येलं की लेकीची वटी भरायला नगं?” “मी लेक नाही तुमची.” “मला ठावं हाय. मला दोन लेकी हायेत, एक सांगलीला, एक न्हाई राह्यली. पन दूध तू घातलंस.” नलिनी बसली. बसायला नको होतं, असं तिला बसल्यावर वाटलं. पदरात तांदूळ पडले, ते जरा ओलसर होते, आणि त्यांचा वास तिला भलतीकडे घेऊन गेला. कुठे, ते तिला ओळखता येईना. म्हातारी कुंकू लावताना थांबली. “लगीन?” “नाही केलं.” “नाही क्येलं, का झालं न्हाई?” हा प्रश्न आजवर कुणी तिला विचारला नव्हता. लोक एकतर विचारतच नसत, नाहीतर उत्तरासकट विचारत. नलिनी खरंच विचार करायला लागली, आणि म्हातारी कुंकवाचं बोट हवेत धरून, घाई न करता, उत्तराची वाट बघत राहिली. “आठवत नाही,” शेवटी नलिनी म्हणाली. बानूबाई खो खो हसली. “आगं, लगीन हाय त्ये! शेळी हारवली न्हाई!” आणि कुंकू लावून मोकळी झाली.

सिद्धनाथ आला तो शनिवारी दुपारी. गळ्यात सोन्याची साखळी, खिशात दोन मोबाईल, आणि वागणं अदबीचं. एकट्या बाईच्या घरात पाऊल टाकायचं नाही म्हणून तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, आणि त्याचा एक हात चौकटीवर होता, त्यामुळे उभा बाहेर असला तरी घर धरून ठेवल्यासारखा दिसत होता. “मॅडम, आईनी काय डोकं खाल्लं असंल तर माफ करा.” “नाही नाही.” “ती म्हणती, दूध उतू गेलं. वास्तू लागली. आता सोमवारी सामान घेऊन येती म्हणती. पंचायतीतल्या अण्णासाहेबांना पण सांगून आली, लागलं माझं घर म्हणून. आता अख्ख्या गावाला माहीत झालं.” “मॅडम, एक विचारू का? दूध उतू गेलतं, का सांडलं होतं?” नलिनीला प्रश्न कळला नाही. “म्हंजे बघा, भांडं तिरकं असतं, हात लागतो, सांडतं. सांडल्यालं काय वास्तूत धरत न्हाईत. उतू गेलं तर गेलं. पण तुमी इतक्या वर्सांच्या बाईमाणूस, तुमच्या हातनं कसं उतू जाईल? सांडलंच असंल.” हे त्यानं इतक्या कौतुकानं म्हटलं, की नलिनीला आपल्या बाजूनं कुणी बोलतंय असा भास झाला. “आई तुमचंच ऐकंल. ती म्हणती, त्या पोरीनं सांगावं. तुमी फकस्त सांडलं म्हणा. आन मॅडम, तुमी बदली घेताय असं ऐकलं. मग ही जागा तुमचीच. वर्स म्हणा, दोन वर्सं म्हणा. एकट्या बाईला पिरंगुटात कोण देतंय जागा, सांगा. भाडं पण वाढवणार न्हाई.” “पण तुमच्या आईचं घर आहे हे.” सिद्धनाथचा चेहरा पहिल्यांदा खरा झाला. “मॅडम, ती एकटी न्हाई येणार. सात शेळ्या हायेत. शेळ्या कुटं बांधू, ग्यालरीत? खालती माझी बायको अपेक्षा, वर आई, एकच जिना. माझं काय व्हईल त्याचा पण विचार करा की.” आणि चौकटीवरचा हात काढून, जरा वाकून, तो जिना उतरला.

हे तसं सोपं होतं. ऑफिसातली मृण्मयी, जिनं ही जागा शोधून दिली होती, तीही तेच म्हणाली. बसच्या रांगेत, एका कानात इअरफोन, दुसरा नलिनीसाठी मोकळा. “नलूताई, सिंपल आहे. सांडलं म्हणा. कुणाचं काय जातंय?” “म्हातारीचं घर जातंय.” “तिचं कुठे होतं? मुलाच्या नावावर आहे ना? तुम्ही उतू गेलं म्हणालात तर एकच गोष्ट होईल, तुमचं घर जाईल. ही तर तुमच्यासाठी लॉटरीच आहे हो!” नलिनीनं मान हलवली. मृण्मयी हिंजवडीत आणखी तिघींबरोबर राहत होती आणि घरमालकाला त्यांतल्या एकीचा दाढीवाला मित्र भाऊ म्हणून दाखवून आली होती. खोटं बोलण्यात तिला फक्त सोय दिसायची. नलिनीला मात्र प्रामाणिकपणाचा पेच पडला नव्हता, हीच तर अडचण होती. ती खोटं बोलली असती. चंद्रकांतशी बोललीच होती. पण खोटं बोलायला आधी खरं माहीत लागतं, आणि तेच तिला माहीत नव्हतं. रविवारी चंद्रकांतचा फोन आला. होस्टेलचं जेवण बरं आहे का, बायका चांगल्या घरच्या आहेत ना, मग म्हणाला, “तुझी कॉट घडी करून ठेवलीय ग पॅसेजात. जागा तेवढीच मोकळी होते. आलीस की उघडू.” त्यात वाईट वाटण्यासारखं काहीच नव्हतं. फोन ठेवल्यावर ती तांदळाची पुरचुंडी हातात घेऊन बसली, आणि घडी केलेली कॉट डोळ्यांपुढून हलेना. आपण तीत असताना ती घडी केलीय, असं काहीतरी वेडगळ मनात यायला लागलं.

मग तिनं ठरवलं, की जे आठवत नाही ते तपासून तरी बघू. ताळेबंद जुळत नसेल तर नोंदी पुन्हा करून बघायच्या, ही तिची रीत. खाली वाण्याकडून तीच पिशवी आणली, तेच पातेलं, तीच शेगडी. दूध ठेवलं, आणि मुद्दाम खिडकीत जाऊन पाठ फिरवून उभी राहिली. समोर बानूबाईच्या शेळ्या धसांमध्ये हिंडत होत्या; एक पांढरी बांधावर मागच्या दोन पायांवर उभी राहून बोरीला लोंबकळत होती. नलिनी ती शेळी बघत राहिली, अगदी मन लावून, आणि मग एकदम तिच्या लक्षात आलं, की आपण ओट्याशी उभ्या आहोत, हात बटणावर आहे आणि ज्योत बारीक झालीय. दूध कडेशी येऊन, थरथरून, खाली बसलं होतं. आपण इथं कधी आलो? तिनं पुन्हा ठेवलं. या वेळी आतल्या खोलीत जाऊन चादर झटकली, मोठ्यानं पाढे म्हटले. तरीही हात आधी पोचला. पुन्हा. पुन्हा. पायांनी, कानांनी, पाठीच्या कण्यानं ते दूध ऐकलं जात होतं. त्यात तिचा काही भाग नव्हता. चौथ्या-पाचव्या खेपेला दूध आटून बासुंदीच्या वाटेला लागलं, आणि नलिनी ओट्याला टेकून हसायला लागली, आणि हसता हसता घाबरली. हात चुकत नाही. म्हणजे सांडलेलं नाही. धक्का लागलेला नाही. हयगय नाही. हात चुकत नसेल, तर त्या सकाळी हाताला कुणीतरी धरून ठेवलं होतं, आणि घरात दुसरं कुणीच नव्हतं.

मग जे आलं ते आठवण म्हणून आलं की तिनं ते त्या क्षणी रचलं, हे तिला सांगता आलं नसतं. ती ओट्याशीच होती. खिडकीशी नव्हतीच. साय आधी कडेनं सुटली, मग मधोमध सुरकुती पडली, मग फुगा. आतून कुणी श्वास घेतल्यासारखं ते सगळं वर यायला लागलं. तिचा हात बटणाजवळ होता. आणि ती वाट बघत होती. कशाची वाट बघतोय, ते कळायला तिला आता इतके दिवस लागले. ती हाकेची वाट बघत होती. नलू, दूध! मागच्या खोलीतून, न्हाणीघरातून, बैठकीतून, कुठूनतरी. उभ्या जन्मात एकदाही दूध कडेला आलं आणि हाक आली नाही, असं झालेलं नव्हतं. घर गप्प होतं. फरशी गार होती. दूध वर आलं, कडेवर क्षणभर थांबलं, जणू तेही ऐकत होतं. आणि कुणी हाक मारली नाही. कुणीही. मग तिला बघायचं होतं, की पुढे काय होतं. इतकंच. कुणाचं घर आहे, वास्तू काय असते, यातलं काही तिच्या मनात नव्हतं. तिला फक्त ते कडेवरून जाताना बघायचं होतं, आणि तिनं ते बघितलं, शेवटपर्यंत, ज्योत विझेपर्यंत, आणि त्या वेळी तिला जे वाटलं त्याला नाव नव्हतं. आनंद म्हणावा, तर तो इतका लाजिरवाणा का होता?

सोमवारी सकाळी ती सगळी आली. बानूबाई आत येऊन भिंतीला टेकून जमिनीवर बसली, सिद्धनाथ उंबऱ्याबाहेर, त्याची बायको अपेक्षा जिन्याच्या मधल्या वळणावर, कठड्याला धरून, दिसेल न दिसेल अशी. गावातली पंचायत भरावी तसं काहीतरी होतं, आणि साक्षीदार एकच. “आई म्हणती तुमी सांगाल तसं,” सिद्धनाथ म्हणाला, आणि डोळ्यांनी तिला आठवण करून दिली. वर्स म्हणा, दोन वर्सं म्हणा. “व्हय,” बानूबाई म्हणाली. “सांडलं म्हनलीस तर सांडलं. मी शेळ्यांसंगं बरी हाय. रागावनार न्हाई. पन खरं सांग.” नलिनीनं दाराकडे पाहिलं. चांगलं जाड दार होतं, आतून कडी, वर साखळी. या दिवसांत रात्री ती साखळी लावून तिनं किती वेळा उगाच हात लावून पाहिला होता. तोंडात ‘सांडलं’ हा शब्द तयार होता, छोटा, गुळगुळीत, कुणालाही न टोचणारा. “उतू गेलं,” ती म्हणाली. सिद्धनाथनं श्वास सोडला. “मॅडम, नीट आठवा.” “आठवलं. मी ओट्याशीच उभी होते. बघत होते. गॅस बंद करता आला असता, केला नाही.” “म्हंजे?” “म्हणजे मी जाऊ दिलं.” “मुद्दाम?” “हो.” तो शब्द इतका हलका निघाला, की तो आपणच उच्चारला का, याची तिला खात्री वाटेना. जिन्यावरून अपेक्षाचा आवाज आला, “अगं बाई!” आणि सिद्धनाथचे डोळे एकदम लकाकले. त्यानं दोन्ही हात उडवले. “बघ आई! ऐकलंस? मुद्दाम क्येलं मॅडमनी! आपसूक गेलंच न्हाई त्ये. मग कशी लागती वास्तू? हे धरायचंच न्हाई!”

बानूबाईनं मुलाकडे पाहिलं, जशी त्या पायपुसणं चघळणाऱ्या शेळीकडे पाहत असे तशी. “आरं येड्या,” ती म्हणाली, “आपसूक ग्येलं तर ती हयगय. त्येला काय किंमत हाय? वास्तूचं दूध मुद्दामच घालत्यात उतू. बाई म्होरं हुबी ऱ्हाती, बघती, आन जाऊ देती. तुज्या लग्नात खालच्या घरात अपेक्षानं काय क्येलं व्हतं? भटजी काय झाकन घेऊन हुबा व्हता व्हय?” जिन्यावर अपेक्षा फस्सकन हसली आणि लगेच तोंडाला पदर लावला. “मला त्येचीच धाकधूक व्हती,” बानूबाई नलिनीकडे वळली, आणि तिचा आवाज उतरला, “म्हनलं, ह्या पोरीचं ध्यान नसंल. नुसतंच जळालं आसंल. मग माजं घर फुकटचं लागल्यालं. इचारायला भ्या वाटत व्हतं मला.” ज्या गोष्टीची तिला लाज वाटत होती, तीच म्हातारीला हवी होती. आणि ज्या उत्तरानं तिची जागा गेली, तेच उत्तर तिच्या आयुष्यातलं बहुधा एकमेव असं होतं, जे दुसऱ्या कुणी आधी ठरवून ठेवलेलं नव्हतं. याची बेरीज करायची की वजाबाकी, हे तिला उभ्या उभ्या कळेना. सिद्धनाथनं पुन्हा चौकट धरली. “मॅडम, तुमचंच भलं होतं ह्यात.” “माहीत आहे.” “मग?” तिनं ओट्यावरचं फडकं उचलून वाळत घातलं. तो गेला, जाताना जिन्यावर बायकोला काहीतरी म्हणाला, आणि ती मोठ्यानं म्हणाली, “आता शेळ्यांचं काय ते तुमीच बघा.”

बानूबाई मात्र उठली नाही. पंधरवडा भरेपर्यंत घर नलिनीचंच, हे तिनं स्वतःच जाहीर करून टाकलं, “घर लागलं म्हनून काय मी तुज्या उशाशी हातरून टाकनार न्हाई,” आणि मग कमरेचा पदर खोचून ओट्याशी गेली. “ही चूल कशी पेटवायची त्ये तेवढं दाव.” नलिनीनं लायटर तिच्या हातात दिला, तिच्या हातावर आपला हात ठेवून दाबला. टक्. निळी ज्योत भपकन उठली आणि म्हातारी एक उडी मागे सरली. “आगं आय्!” मग हसली. मग पुन्हा पुढे आली. बटण, टक्, ज्योत, बटण, बंद, बटण, टक्. आपल्याला इथून बाहेर काढायची कला आपणच शिकवतोय, हे नलिनीच्या मनात येऊन गेलं, पण म्हाताऱ्या बोटांना ते जमतंय याकडेच तिचं जास्त लक्ष होतं. “बस तू आता,” बानूबाई म्हणाली. “च्या मी करती.” नलिनी बसली, तिथंच, भिंतीला टेकून, जिथं मघाशी म्हातारी बसली होती. ओट्यावर भांडं चढलं, आणि कुणीतरी दुसरं त्याच्याकडे बघत होतं, आणि हातांचं काय करायचं ते नलिनीला समजेना. ते मांडीवर ठेवले तर जड वाटत होते, बाजूला ठेवले तर कुणा दुसऱ्याचे. “मी बदली घेतेय,” ती अचानक म्हणाली. म्हणाल्यावर तिला कळलं, की ते ठरलेलं आहे. “कुटं?” “इथंच. पिरंगुटला.” “आन ऱ्हानार कुटं?” “ते माहीत नाही.” “हूं,” बानूबाई म्हणाली, जणू हे उत्तर ठीकच होतं, आणि डबा उघडून चमचा आत घातला. “साकर किती घालू तुला?” बेचाळीस वर्षं ती सगळ्यांसाठी झालेला चहा प्यायली होती. वडिलांना लागेल तेवढी साखर, मग चंद्रकांतला लागेल तेवढी, मग डेपोतल्या किटलीत असेल तेवढी. आपल्याला किती लागते? गोड आवडतो की नाही? तिनं जीभ टाळ्याला लावून आठवून पाहिलं, आणि तिथं काहीच नव्हतं. म्हातारी चमचा हवेत धरून, घाई न करता, वाट बघत होती. ‘घाला तुमच्या अंदाजानं’ असं तिच्या ओठांवर आलं होतं. “थांबा, मावशी,” ती म्हणाली. “आधी बिनसाखरेचा द्या. चाखून सांगते.”